प्रॉडक्ट मॅनेजर : हाताखाली माणूस नाही, तर मॅनेजर कसला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या हिंदमाताच्या दुकानावर एक जुने स्नेही आले. मदनपुऱ्यात त्यांचा बॅगा शिवण्याचा कारखाना आहे. दहा-बारा कारागीर कामाला, धंदा बरा चाललेला; पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता. चहा आला तरी कपाला हात लावीनात. विचारले तेव्हा म्हणाले, "भाईसाहब, पोराला लोअर परळला नोकरी लागली. कार्डावर प्रॉडक्ट मॅनेजर असे छापले आहे. मुलीकडचे आले, त्यांनी विचारले, हाताखाली किती माणसे? पोराने सरळ सांगून टाकले, एकही नाही. झाले! त्यांना वाटले, आम्ही कारकुनाला मॅनेजर म्हणून सांगतो आहोत. आठ दिवस झाले, काही निरोप नाही."

मग थोडे थांबून हळूच म्हणाले, "खरे सांगायचे तर मलाही कळत नाही, हा दिवसभर करतो काय?"

त्या वेळी आम्हालाही नीट उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले आणि पुढची सारी शिकवणी कापडाच्या ताग्यावर. म्हणून पुढच्या रविवारी त्या मुलालाच बोलावले आणि दोन तास समोर बसवून घेतले. नंतर या कामातल्या आणखी दोघा-तिघांना गाठले, थोडे वाचले. तेव्हा लक्षात आले की गैरसमज केवळ मुलीकडच्यांचा नाही, आपल्या सर्वांचाच आहे. आणि त्यात नुकसान फक्त एका स्थळाचे नसून आपल्या धंद्याचेही आहे. जे समजले ते वाचकांपुढे मांडत आहोत.

काम आहे तरी काय?

कंपनी जी वस्तू किंवा सेवा विकते ती तिचे प्रॉडक्ट. साबणाची वडी प्रॉडक्ट, शाळेची बॅग प्रॉडक्ट आणि मोबाईलवर तिकीट काढायचे ॲप हेही प्रॉडक्टच. ते कोणासाठी करायचे, त्या माणसाची नेमकी अडचण कोणती, मालात काय असावे, काय नसावे, कोणते काम आधी करायचे आणि माल हातात पडल्यावर ती अडचण खरोखर दूर झाली की नाही, या सगळ्याचे उत्तर ज्याला द्यावे लागते तो प्रॉडक्ट मॅनेजर.

कोणी म्हणेल, यात नवीन ते काय? हे तर प्रत्येक दुकानदार रोज करतो. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण खरोखरच करतो का? आमचीच एक चूक सांगतो.

१९९७ सालची गोष्ट. वडिलांनी नुकताच कारभार आमच्या हाती दिला होता. आमच्याकडे लालबाग, परळ, दादर या भागातल्या शाळांच्या गणवेशाचे कापड खपत असे. आम्ही ठरवले की या वर्षी पांढऱ्या शर्टिंगचा माल स्वतःच तयार करून घ्यायचा. आधी गिऱ्हाइकांना विचारलेही. आया म्हणाल्या, "शेठ, कापड मजबूत द्या, वर्षभर टिकले पाहिजे." आम्ही मजबूत दिले. नेहमीच्या टेरीकॉटपेक्षा सुताचे प्रमाण जास्त, वीण घट्ट, हाताला भरीव. भिवंडीच्या लूमवाल्याने नमुन्याप्रमाणे विणले, प्रोसेस हाऊसने पांढरेशुभ्र करून दिले, कोठे डाग नाही की गाठ नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ठरल्या दिवशी, ठरल्या भावात माल दुकानात आला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. पंधरा दिवस माल झपाट्याने गेला आणि मग एकाएकी थांबला. कारण कळेना. शेवटी लालबागच्या एका चाळीतल्या बाईंनी सांगितले, "शेठ, कापड चांगले आहे हो, पण वाळत नाही!" चाळीत एक खोली, बाहेर गॅलरीत दोरी. मुलाला दोनच शर्ट. संध्याकाळी धुतलेला शर्ट सकाळपर्यंत वाळला तरच पोर वेळेवर शाळेत. सूत पाणी जास्त धरते, जाड कापड आणखी धरते आणि आमची शाळा सुरू होते ती नेमकी पावसात. हिंदमाताला ज्या दिवसांत गुडघाभर पाणी साचते त्याच दिवसांत आम्ही न वाळणारे कापड विकत होतो. आयांनी एकमेकींना सांगितले, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले. उरलेले तागे आम्ही दिवाळीनंतर तोट्यात काढले.

आता पाहा, चूक कोणाची? लूमवाल्याची नाही, प्रोसेसवाल्याची नाही, दलालाचीही नाही. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. तरीही माल चुकला, कारण चाळीतल्या दोरीपर्यंत जाऊन पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. मालक म्हणून ते आमचे होते. पण आम्ही गल्ल्यावर बसून भाव, उधारी आणि हुंडी यांतच गुंतलो होतो. मोठ्या कंपन्यांनी हेच काम वेगळे काढून एका माणसावर सोपवले आहे. एवढे ध्यानात ठेवले, तर पुढचे गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज पहिला : मॅनेजर म्हणजे साहेब

आपल्याकडे मॅनेजर म्हटला की डोळ्यांपुढे येते ती केबिन, घंटी आणि हजेरीपट. मिलचा मॅनेजर तसाच असे. परंतु प्रॉडक्ट मॅनेजर माणसे सांभाळत नाही, माल सांभाळतो. उर्दूत दोन वेगळे शब्द आहेत, इख्तियार आणि जिम्मेदारी. मराठीत अधिकार आणि जबाबदारी म्हणू. या माणसाच्या डोक्यावर जबाबदारी पुरी असते, हातात अधिकार थोडा. संगणकाचे काम करणारे इंजिनिअर त्यांच्या वरिष्ठांचे ऐकतात, विक्रीवाले त्यांच्या वरिष्ठांचे. या सर्वांना पटवून, पुरावा दाखवून, कधी मिनतवारी करून त्याला काम करून घ्यावे लागते.

हे काही केवळ आजच्या संगणक कंपन्यांचे खूळ नाही. जपानच्या टोयोटा कंपनीने १९५३ साली क्राऊन ही मोटार तयार करताना एका माणसाला 'शुसा' म्हणजे मुख्य म्हणून नेमले. त्याचे नाव केन्या नाकामुरा. इंजिनवाले, बॉडीवाले, कारखानावाले हे त्याच्या हाताखालचे नोकर नव्हते. पण मोटार चांगली निघाली की वाईट, याचे उत्तर त्यानेच द्यायचे. १९५५ साली क्राऊन बाजारात आली आणि ही पद्धत टोयोटात कायम झाली. तेव्हा हाताखाली माणूस नसणे हे या कामात हलकेपणाचे लक्षण नाही, ते कामाचे स्वरूपच आहे.

गैरसमज दुसरा : हा तर छोटा मालक

काही जण नेमके उलट टोक गाठतात. "माझा मुलगा त्या मालाचा मालकच समजा," असे अभिमानाने सांगतात. काही तरुणही हेच ऐकून या नोकरीत शिरतात आणि सहा महिन्यांत निराश होतात. मालक चेकवर सही करतो, माणूस ठेवतो, काढतो, घाटा झाला तर घर गहाण टाकतो. प्रॉडक्ट मॅनेजरला यातले काहीच करता येत नाही. त्याने सुचवलेली गोष्ट वरच्यांनी एका बैठकीत बाजूला सारली, असे पुष्कळदा घडते. मालकासारखा विचार करणे आणि मालक असणे यांत फार अंतर आहे.

गैरसमज तिसरा : प्रॉडक्ट मॅनेजर आणि प्रोजेक्ट मॅनेजर एकच

नावे जवळजवळ सारखी, म्हणून ही गल्लत फार होते. प्रोजेक्ट मॅनेजरने काम ठरल्या तारखेला, ठरल्या खर्चात पुरे करून द्यायचे. प्रॉडक्ट मॅनेजरने ते काम मुळात करण्याजोगे आहे का, हे पाहायचे. आमच्या पांढऱ्या कापडाचेच घ्या. तारीख पाळली, भाव पाळला. प्रोजेक्ट म्हणून शंभर गुण. प्रॉडक्ट म्हणून नापास. दोन्ही कामे मोलाची आहेत. लहान कंपनीत एकच माणूस दोन्ही करतो. पण एकाचा हिशेब माल तयार झाला की संपतो आणि दुसऱ्याचा तेथून सुरू होतो.

गैरसमज चौथा : हे इंजिनिअरचेच काम

आमच्या स्नेह्यांचा मुलगा बी.कॉम. आहे. संगणकाचा प्रोग्रॅम तो लिहीत नाही. लोक विचारतात, मग त्याला तेथे कळणार काय? आम्ही विचारतो, कापडाच्या व्यापाऱ्याला लूम चालवता येतो का? बहुतेकांना येत नाही. पण काउंट किती, पीक किती, कापड दोन धुण्यांनंतर कसे होईल, हे चिमटीत धरून सांगतो. विणकर त्याला फसवू शकत नाही आणि तोही विणकराकडे अशक्य ते मागत नाही. एवढे ज्ञान लागतेच. काही कंपन्यांत काम फार तांत्रिक असते, तेथे इंजिनिअरच घेतात, हेही खरे. मात्र नुसती पदवी पुरत नाही आणि पदवी नाही म्हणून दार कायमचे बंद नाही. हिशेब समजणे, साफ लिहिता-बोलता येणे आणि समोरच्याचे धीराने ऐकणे यांना येथे किंमत आहे. दुकानात वाढलेल्या मुलाला यातली निम्मी विद्या घरीच मिळते.

गैरसमज पाचवा : गिऱ्हाईक सांगेल ते करणे, एवढेच काम

हा सर्वांत मोठा गैरसमज आणि तो आमचाही होता. आम्ही आयांना विचारले होते. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. मजबूत कापड त्यांना हवेच होते. पण वाळण्याची गोष्ट त्या बोलल्या नाहीत, कारण नेहमीचे टेरीकॉट रात्रीतून वाळतच असे. जे विनासायास मिळते ते कोणी मागत नाही. शिवाय गणवेश ठरवते शाळा, पैसे देते आई आणि अंगावर घालते मूल. आम्ही तिघांपैकी एकालाच विचारले आणि तेही दुकानात उभे करून.

अमेरिकेच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण होता. कॅमे साबणाची जाहिरात तो पाहत असे आणि कंपनीचाच आयव्हरी साबण त्याच्या मालाला भारी पडत होता. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण दिले की प्रत्येक मालामागे त्याची पूर्ण चिंता वाहणारा स्वतंत्र माणूस असावा. खप जेथे कमी आहे तेथे त्या माणसाने स्वतः जावे, दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांना भेटावे आणि दुखणे शोधून काढावे, असे त्यात लिहिले होते. प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचा उगम याच टिपणात मानतात. हा मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचा प्रमुख झाला आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही.

आपल्या गल्ल्यावरचे उदाहरण घ्या. २०१६ साली यूपीआय आले आणि थोड्याच वर्षांत मोबाईलवरून पैसे घेणे सर्रास झाले. पण दुकानात गर्दी असली की पैसे खरोखर जमा झाले की नाही, हे पाहायला सवड नसे. कोणी खोटा स्क्रीन दाखवून निघून जाई. दुकानदार तक्रार करत. पण "आम्हाला बोलणारी पेटी द्या" असे कोणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. गल्ल्यावरची अडचण पाहून कोणीतरी ती पेटी आणली. आज ती रक्कम मोठ्याने सांगते आणि आपले हात कापड मोजायला मोकळे राहतात. गिऱ्हाइकाने दुखणे सांगावे, औषध शोधणे वैद्याचे काम.

आणि औषध शोधताना 'नाही' म्हणावे लागते. जाड, स्वस्त आणि पटकन वाळणारे, हे तिन्ही एकाच कापडात मागितले तर काहीतरी सोडावे लागेल. काय सोडायचे हे ठरवणे आणि मग त्याबद्दल सर्वांचे बोलणे खाणे, हा या नोकरीचा कठीण भाग.

गैरसमज सहावा : हे कालपरवाचे संगणकी फॅड

ॲपवाल्या कंपन्यांनी हे नाव घरोघरी पोहोचवले, हे खरे. लोअर परळच्या कमला मिल, मथुरादास मिल यांच्या आवारात आज मागांऐवजी कार्यालये आहेत. नायका ही सौंदर्यप्रसाधने ऑनलाइन विकणारी कंपनी २०२१ साली शेअर बाजारात आली, तेव्हा तिचा नोंदणीकृत पत्ता सन मिल कंपाउंडचा होता. परंतु काम जुनेच आहे. शिवडीला लिव्हर कंपनीचा साबणाचा कारखाना १९३४ साली सुरू झाला. त्या कंपनीत प्रत्येक मालामागे ब्रँड मॅनेजर असण्याची रीत ॲपवाल्या कंपन्यांच्या कितीतरी आधीपासूनची. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी निरमा पावडर काढली आणि सायकलवरून घरोघरी विकली. ती सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. लिव्हरपुढे दोन वाटा होत्या, सर्फ स्वस्त करावी किंवा दुसरा माल काढावा. त्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील नावाची वेगळी पावडर आणली आणि सर्फला तिच्या जागी ठेवले. कोणता माल कोणासाठी, हा निर्णय म्हणजेच हे काम.

मग आमच्या गिरण्यांत हे काम कोणाकडे होते? तेथे डिझायनर होता, वीव्हिंग मास्टर होता, विक्री खाते होते आणि मूळजी जेठा मार्केटात विक्रीचे दलाल बसत. प्रत्येक जण आपल्या विद्येत उस्ताद. पण एकदा एका गिरणीच्या मालात दोन ताग्यांचा रंग जुळेना, तेव्हा आम्हाला एका खात्यातून दुसऱ्यात असे चार महिने फिरवले गेले. माल सर्वांचा होता, म्हणून कोणाचाच नव्हता. गिरण्या यामुळे बंद पडल्या, असे आम्ही म्हणणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख कामगारांचा संप, पॉवरलूमची स्पर्धा, जुनाट यंत्रे, जमिनीचे वाढलेले भाव अशी मोठी कारणे होती. परंतु कापड कोणासाठी विणतो, हा प्रश्न एका ठिकाणी बसून विचारणारा माणूस आम्हाला तरी तेथे भेटला नाही.

आपल्या कारखान्याला याचा उपयोग काय?

दहा कारागिरांच्या कारखान्यात असा माणूस पगारावर ठेवणे परवडत नाही. तशी गरजही नाही. काम मात्र झाले पाहिजे. आमच्या दुकानात १९९७ नंतर आम्ही चार गोष्टी पाळतो, त्या येथे देतो.

एक, परत आलेल्या मालाची वही. काय परत आले, कोणी आणले आणि त्याच्याच शब्दांत कारण काय, हे लिहायचे. महिन्याने वाचले की एकच तक्रार पाच वेळा दिसते.

दोन, माल वापरला जातो तेथे जाऊन पाहणे. गणवेश असेल तर चाळीची गॅलरी, शाळेची बॅग असेल तर सकाळी शाळेचे फाटक. बॅग मूल उचलते की आई, पट्टा कोठे तुटतो, चेन कोठे अडकते, हे कारखान्यात बसून कळत नाही.

तीन, एकदम मोठा माल न धरणे. आधी थोडे तागे किंवा दोन डझन नग काढावेत, ओळखीच्या घरी वापरायला द्यावेत, धुऊन पाहावेत, मग ऑर्डर टाकावी. आम्ही दोन शर्ट जुलैत वापरायला दिले असते, तर पुढच्या वर्षीचा घाटा वाचला असता.

चार, प्रत्येक मालामागे एक नाव. मुलगा असो, भाऊ असो किंवा जुना कारागीर, 'हा माल तुझा' असे सांगावे. विकला गेला नाही तर का, याचे उत्तर त्याने शोधावे. आणि उत्तर आणले तर मालकाने ते ऐकावे. ऐकायचेच नसेल, तर त्याला विचारू नये.

तरुणांना आणि पालकांना

ही नोकरी घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मला वापरणाऱ्या लोकांना भेटता येईल का? माझ्या मालाचे यश कंपनी कशावरून मोजेल? 'हे करू नये' असे सांगण्याची मुभा आहे का? तिन्हींची उत्तरे गोलमाल मिळाली, तर समजावे की नाव मॅनेजरचे आणि काम निरोप्याचे आहे. अशाही जागा पुष्कळ आहेत. कार्डाच्या नावावर भुलू नये. या कामात श्रेय सर्वांत वाटले जाते आणि चूक झाली की बोट एकाकडेच जाते, हेही मनात धरून जावे.

पालकांनीही 'हाताखाली किती' हा प्रश्न आता बाजूला ठेवावा. डोक्यावर काय आहे, ते विचारावे.

आमचे स्नेही परवा पुन्हा दुकानावर आले होते. मुलीकडच्यांना त्यांनी आता हे सर्व समजावून सांगितले आहे. होकार अजून यायचा आहे. पण दुसरी एक गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. मुलगा एका रविवारी कारखान्यात येऊन बसला आणि शाळेची बॅग हातात घेऊन त्याने जुन्या कारागिराला विचारले, "उस्ताद, ही बॅग भरल्यावर तुम्ही कधी पाठीला लावून जिना चढलात का?"

तीस वर्षांत तो प्रश्न तेथे कोणी विचारला नव्हता. स्नेही म्हणाले, "भाईसाहब, आम्ही चौघेही आळीपाळीने चढलो. तिसऱ्या मजल्यावर पट्टा खांद्यात रुतला. आता पट्टा बदलतो आहोत."